फोमच्या शीटमधून दोन बेढब विमानं: उडती थाळी आणि एकांगी बीव्ही १४१

विमानांच्या इतिहासात विचित्र दिसणारी विमानं पुष्कळ झाली, पण घरी कापून, चिकटवून, मैदानावर हाताने फेकून पाहावीत अशी त्यातली दोन सर्वांत उत्तम. पहिलं अमेरिकेतलं व्हॉट व्ही-१७३. ते वरून जवळजवळ गोल दिसतं, पंख कुठे संपला आणि धड कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. दुसरं जर्मनीचं ब्लोम उंड फॉस बीव्ही १४१. त्याचं इंजिन आणि शेपूट डावीकडे, वैमानिक उजवीकडे वेगळ्या काचेच्या खोलीत, आणि मध्ये नुसता पंख. ही दोन्ही विमानं खरोखर उडाली, आणि चांगली उडाली. त्यांची मॉडेल बिघडतात ती मात्र नेहमी एकाच ठिकाणी: गुरुत्वमध्य, म्हणजे मॉडेलवाल्यांच्या भाषेत सीजी. नेहमीच्या आकारात सीजी अंदाजाने जमून जातो. या आकारांत डोळा हमखास फसवतो, म्हणून पट्टी आणि काटा दोन्ही लागतात.

सामान

३ मिमी जाडीची डेप्रॉन शीट, म्हणजे गुळगुळीत, दाणे नसलेल्या फोमची शीट, ही मुख्य गोष्ट. ६० × ४० सेंमीचा एक तुकडा दोन्ही विमानांना पुरतो. सोलापुरात स्टेशनरीच्या दुकानात ती नेहमी मिळेलच असं नाही, ऑनलाइन मागवणं सोपं. घेताना चुरगळलेल्या कडा आणि पोक आलेली शीट टाळा. दाण्यादाण्यांचा थर्माकोल या कामाचा नाही. तो पातळ कापला की कडेचे दाणे सुटतात आणि पंख मध्येच मोडतो. सनबोर्डवर दोन्हीकडून थर असतो, त्यामुळे तो जड पडतो.

पतंगवाल्याकडून बांबूच्या तीन-चार कामट्या घ्या, सरळ धाग्याच्या, साधारण ३ मिमी रुंद. खराट्याच्या दोन काड्याही ठेवा, कडेला ताठपणा द्यायला त्या फार हलक्या पडतात. चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल. झटपट चिकटणारा सुपर ग्लू आणि चपलेला लावतात तो पिवळा रबरी गोंद, दोन्ही डेप्रॉन विरघळवतात. थेंब पडला की तिथे खड्डा पडलाच. ग्लू गन चालते, पण नोझल तापलं की थोडं थांबून मग लावा, आणि अगदी ठिपक्याएवढा लावा, कारण त्याचं वजन शेपटीला नडतं.

याशिवाय नवं पातं घातलेला कटर, बारीक पॉलिश पेपर, सेलोटेप, शिवणकामाचा दोरा, सुई आणि मुलांची तेलकट रंगीत क्ले. वजनासाठी शाडू वापरू नका. ती वाळून हलकी होते आणि काल जमवलेला तोल आज बिघडतो. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा मिळाला तर अर्धं काम सोपं. नसेल तर १० रुपयांचं नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं असतं, त्यावरून अंदाज बांधता येतो.

उडती थाळी: व्ही-१७३

या विमानाचे रचनाकार चार्ल्स झिमरमन यांनी हा आकार गंमत म्हणून निवडला नव्हता. आखूड आणि रुंद पंखाच्या टोकांवरून हवा खालून वर गुंडाळत जाते, तिचे भोवरे होतात आणि विमानाची बरीच ताकद त्या भोवऱ्यांत वाया जाते. झिमरमन यांनी पंखाच्या दोन्ही टोकांवर साडेसोळा फूट व्यासाचे दोन प्रचंड पंखे लावले आणि ते भोवऱ्यांच्या उलट दिशेने फिरवले. लाकूड आणि कापडाचं ते विमान ८० अश्वशक्तीच्या दोन इंजिनांवर २३ नोव्हेंबर १९४२ रोजी बून गायटन यांनी पहिल्यांदा उडवलं. जमिनीवर उभं असताना त्याचं नाक सुमारे २२ अंशांनी वर असे. हवेत नाक कितीही वर केलं तरी ते साध्या विमानासारखं झोला खाऊन कोसळत नसे. एकदा गायटन यांना समुद्रकिनाऱ्यावर उतरावं लागलं. समोर आंघोळ करणारी माणसं दिसली म्हणून त्यांनी ब्रेक दाबले आणि विमान उलटं झालं. वैमानिकही वाचला आणि विमानही.

आता कापायला घ्या. ३० सेंमी व्यासाचं स्टीलचं ताट शीटवर पालथं ठेवा आणि पेन्सिलीने वर्तुळ काढा. ताटाच्या कडेला पातं टेकवून कापू नका, ते घसरतं. रेघ काढून ताट बाजूला करा आणि कटर उभा न धरता आडवा धरून दोन-तीन फेऱ्यांत कापा. एकाच फेरीत दाबून कापलं तर फोम फाटतो. पुढची कड पॉलिश पेपरने अर्धगोल करा, मागची थोडी पातळ करा.

नाकापासून शेपटीपर्यंत मध्यरेषा आखा. तिच्यावर नाकापासून ६ सेंमीवर एक ठळक ठिपका द्या. हाच सीजी. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो फार पुढे वाटतो, कारण डोळा ताटाचा मध्य शोधतो आणि मध्य आहे १५ सेंमीवर. पण गोल पंखाची उचल पुढच्या भागातच एकवटते, लांबीच्या साधारण पाव भागावर. सीजी त्याच्याही थोडा पुढेच हवा. साडेसहा सेंमीच्या मागे गेलात तर थाळी नाक वर करून नुसती खाली बसेल.

नाकापासून साडेसव्वीस सेंमीवर मध्यरेषेला काटकोनात आडवी रेघ मारा आणि मागचा तुकडा कापून वेगळा करा. त्याचे मधोमध दोन भाग करा. हे दोन्ही भाग परत जागेवर ठेवून फक्त वरच्या बाजूने सेलोटेप लावा. त्यामुळे ते वर वळवले की खालून फट उघडते. त्या फटीत फोमची बारीक पाचर बसवली की कोन टिकून राहतो. मागची कड मध्यावर ४ मिमी वर येईल इतकाच कोन सुरुवातीला द्या. दोन्ही बाजू अगदी सारख्या हव्यात, पट्टीने मोजा.

२५ सेंमीची कामटी मेणबत्तीवर मध्यभागी शेका आणि अलगद वाकवा. दोन्ही टोकं टेबलापासून दीड सेंमी वर आली पाहिजेत. ज्योतीत धरू नका, ज्योतीच्या वर फिरवत राहा. काळी पडली की ती तिथेच मोडते. थाळीच्या खालच्या बाजूने मध्यरेषेवर फोमच्या अर्ध्या जाडीइतकी चीर द्या, हलकेच वर वाकवा आणि नाकापासून ८ सेंमीवर ही कामटी आडवी चिकटवा. मूळ विमान असं वाकलेलं नव्हतं. आपल्या मॉडेलमध्ये आत वैमानिक नाही, म्हणून डावी-उजवीकडे कलल्यावर आपोआप सरळ होण्यासाठी हा बाक लागतो. चिरेत फेव्हिकॉल भरून रात्रभर तसंच ठेवा.

खालून मध्यरेषेवर २४ × २ सेंमीची फोमची उभी पट्टी चिकटवा. धरायला तीच उपयोगी पडते. शेवटी ६ सेंमी लांब आणि ५ सेंमी उंच अशा दोन उभ्या शेपट्या, मध्यरेषेपासून १० सेंमीवर, मागच्या कडेला लागून. त्या एकमेकींना समांतर नसल्या तर थाळी कायम एका बाजूला वळत राहते, म्हणून गोंद ओला असतानाच पुढचं आणि मागचं अंतर मोजून घ्या.

वजन: १० रुपयांची दोन नाणी एकावर एक, नाकाच्या अगदी कडेला, उभ्या पट्टीच्या बाजूने टेपने चिकटवा. वर ५ ग्रॅमच्या आसपास क्ले नाकावर थापा. ठिपक्यावरून सुई आरपार घालून दोऱ्याने थाळी टांगा. पंखा बंद करा. ती सपाट लोंबली पाहिजे, नाक किंचित खाली असेल तर उत्तम. फोमची घनता शीटप्रमाणे बदलते, तेव्हा क्ले कमी-जास्त लागेल.

फेकताना नाक सपाट ठेवा आणि झपझप चालत असल्यासारखी हात पुढे नेऊन सोडा. वर फेकू नका. खांद्याच्या उंचीवरून ५-६ मीटर गेली तर काम झालं. त्यापेक्षा लांब जायची अपेक्षा ठेवू नका. टोकांवरचे भोवरे मोडायला आपल्याकडे ते दोन पंखे नाहीत, त्यामुळे ती तीव्र उतरणीने येणार. झिमरमन यांना काय सोडवायचं होतं ते इथे उघड दिसतं.

बिघाड ओळखायची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. साधं ग्लायडर शेपटीकडे जड झालं की वर चढतं, थांबतं, नाक खाली घालतं, आणि चूक लगेच कळते. थाळी तसं करत नाही. ती नाक वर ठेवून, शांतपणे, जवळजवळ उभी खाली बसते. बघणाऱ्याला वाटतं छान तरंगली. प्रत्यक्षात ती उडतच नसते. असं झालं की नाकावर एक-एक ग्रॅम क्ले वाढवा किंवा मागची कड १ मिमी खाली आणा. उलट ती सरळ जमिनीत घुसत असेल तर आधी कड १ मिमी वर करा, क्लेला हात लावू नका. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

एकांगी बीव्ही १४१

१९३७ मध्ये जर्मन हवाई खात्याला एका इंजिनाचं टेहळणीचं विमान हवं होतं, ज्यातून सगळीकडे स्वच्छ दिसेल. एक इंजिन म्हणजे ते नाकावर, आणि नाकावर इंजिन म्हणजे समोरचं दृश्य झाकलं. ब्लोम उंड फॉसचे रचनाकार रिचर्ड फोग्ट यांनी माणसं इंजिनाच्या मागून काढून सरळ शेजारी बसवली. इंजिन डावीकडे असलं की त्याचा जोर नाक उजवीकडे वळवतो. फिरणारा पंखा मात्र नाक डावीकडे ओढत असतो. दोन्ही ओढी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात. पहिलं उड्डाण २५ फेब्रुवारी १९३८ रोजी झालं. नंतरच्या बी प्रकारात आडव्या शेपटीचा उजवा भाग जवळजवळ काढूनच टाकला, कारण मागे बसलेल्या बंदूकधाऱ्याच्या नेमात तो आडवा येत होता. शेवटी खात्याने दोन इंजिनांचं फोके-वुल्फ १८९ निवडलं.

पंख ४० सेंमी लांब, मध्ये ७ सेंमी रुंद, टोकांना ५ सेंमी. पुढून आणि मागून सारखाच निमुळता. टेबलाच्या गोल कडेवर तो हलक्या हाताने घासत न्या म्हणजे मध्ये ३ मिमी फुगवटा येतो. मध्यभागी अर्धी चीर देऊन दोन्ही टोकं २ सेंमी वर उचला आणि २० सेंमीची, तशीच शेकून वाकवलेली कामटी खालून लावा. टोकांकडच्या पुढच्या कडेला खराट्याची काडी चिकटवली तर आपटल्यावर पंख चिरत नाही.

डावा दांडा ३० सेंमीच्या कामटीचा, मध्यरेषेपासून ४ सेंमी डावीकडे, पंखाच्या खालून. तो पंखाच्या पुढे ८ सेंमी यायला हवा. इंजिन दिसावं म्हणून त्या भागाला फोमची उभी बाजू द्या. उजवी खोली १० सेंमी लांब, अडीच सेंमी उंच, फोमचीच, मध्यरेषेपासून ४ सेंमी उजवीकडे आणि तीही पंखाच्या खालून. तिचं नाक पंखाच्या पुढे ४ सेंमी. दोन्ही भाग पंखाखाली टांगल्यामुळे तोल तपासताना मॉडेल स्वतःच स्थिर लोंबतं.

आडवी शेपूट साडेअकरा सेंमी लांब आणि साडेतीन सेंमी रुंद. तिचा १० सेंमी भाग दांड्याच्या डावीकडे आणि फक्त दीड सेंमी उजवीकडे. उभी शेपूट ५ × ४ सेंमी. पंख आणि आडवी शेपूट बाजूने पाहिल्यावर समांतर दिसली पाहिजेत. आडव्या शेपटीची मागची कड १ मिमी वर वाकवून सुरुवात करा.

आता तोल. पंखाच्या मध्यरेषेवर, पुढच्या कडेपासून २.३ सेंमीवर सुईने दोरा ओवून मॉडेल टांगा. आधी ते डावीकडे कलेल आणि शेपूटही खाली जाईल. उजव्या खोलीच्या नाकात क्ले भरत जा, डावी-उजवी बाजू सपाट होईपर्यंत. ती झाली की मग पुढे-मागे बघा. शेपूट अजून खाली असेल तर दोन्ही नाकांवर सारखीच क्ले घाला, अर्धा ग्रॅम इकडे, अर्धा ग्रॅम तिकडे. एकाच बाजूला घातलीत तर पहिला तोल मोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी डाव्या नाकात १ ग्रॅमच्या आसपास आणि उजव्या खोलीत ३ ग्रॅमच्या आसपास क्ले बसते. उजवीकडे जास्त लागते कारण लांब दांडा आणि सगळी शेपूट डावीकडे आहे.

पहिल्या फेकीत मॉडेल एका बाजूला वळलं तर शेपटीला हात लावायचा मोह आवरा. पुन्हा दोऱ्याला टांगा. दहातल्या नऊ वेळा क्ले सरकलेली किंवा सुटलेली असते. तोल बरोबर असूनही वळत असेल तर पंखाची दोन्ही टोकं समोरून डोळ्यासमोर धरून पाहा, एक टोक पिळलेलं दिसेल. ते तोंडाच्या वाफेवर थोडं गरम करून उलट पिळा. तेही नीट असेल तरच उभ्या शेपटीची मागची कड १ मिमी वळवा. नीट जमलेलं हे मॉडेल खांद्यावरून ८-१० मीटर सरळ जातं.

कुठे आणि कधी उडवायचं

सोलापुरात हे सकाळचं काम. उन्हाळ्यात सूर्य उगवल्यापासून पहिला दीड तास, त्यानंतर जमीन तापते, हवा उकळल्यासारखी वर-खाली होते आणि एवढं हलकं मॉडेल काय शिकवतंय ते कळेनासं होतं. होम मैदान मोकळं आणि सोयीचं, पण जानेवारीत गड्डा यात्रेचे स्टॉल लागले की ते विसरा. किल्ल्याच्या तटबंदीच्या आणि झाडांच्या आडोशाला वारा गोल फिरतो, तिथून दूर मध्यावर उभे राहा. झाडाची पानं सतत हलत असतील तर त्या दिवशी घरातल्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या सभागृहात फेका.

मॉडेल स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वरच्या पाऱ्यात डिकीतला फोम एका तासात वाकडा होतो आणि तो परत सरळ होत नाही. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, त्यात मॉडेल उभं नको, आडवं.

होटगी रोडच्या विमानतळाच्या कुंपणाजवळ काहीही उडवायचं नाही, हातफेकीचं ग्लायडरसुद्धा. आता तिथे प्रवासी विमानं ये-जा करतात. पुढे मोटर आणि रिमोट बसवायचा विचार असेल तर शहरातली बरीच मैदानं विमानतळापासून जवळ आहेत हे लक्षात घ्या. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहून, आपली जागा कोणत्या रंगात येते ते तपासूनच पुढे जा.

यानंतर काय बनवावं, काय नको

शिल्लक फोममधून तिरक्या पंखाचं मॉडेल होतं. नासाच्या एडी-१ विमानाचा पंख एका खिळीवर फिरायचा, ६० अंशांपर्यंत. १९७९ ते १९८२ या काळात ते उडत होतं. साध्या दांड्यावर सरळ पंख टाचणीने बसवा, मध्यबिंदूवर फिरता ठेवा. आधी सरळ, मग २० अंश, मग ४० अंशांवर फेका. प्रत्येक वेळी कोन वाढवल्यावर ते थोडं कलायला लागतं. पंचेचाळीसच्या पुढे नासाच्या वैमानिकांनाही ते आवरायला त्रास व्हायचा.

लुइजी स्टिपा यांचं १९३२ मधलं पिंपासारखं विमान कागदी नळीतून छान होतं. त्याचं धड म्हणजेच पोकळ नळी, पंखा तिच्या तोंडाशी आत. नळी फार लांब घेऊ नका, ती मोठ्या उभ्या शेपटीसारखी वागते आणि मॉडेल वळायलाच तयार होत नाही. मूळ विमानाचंही हेच झालं होतं, ते फारच स्थिर होतं.

कॅप्रोनीचं नऊ पंखांचं सीए-६० मात्र घ्यायचं नाही. मूळ विमान मार्च १९२१ मध्ये माज्जोरे सरोवरावर दुसऱ्याच उड्डाणात कोसळलं, आणि मॉडेलमध्ये तर नऊ पंखांचे कोन सारखे ठेवणंच अशक्यप्राय.

आंरी मिन्ये यांच्या ‘आकाशातल्या पिसू’सारखं, एकामागे एक दोन पंखांचं विमान करायचं असेल तर एक धोका ध्यानात ठेवा. त्यात पुढचा पंख मागच्या पंखाच्या इतका जवळ होता की विमान नाक खाली घालून उतरू लागलं आणि वैमानिकाने पुढचा पंख वर वळवला की मधल्या फटीतून हवा जोरात जाई. त्याने मागचा पंखच जास्त उचलला जाई आणि नाक आणखी खाली जाई. त्यातून सुटका नसे. १९३५-३६ मध्ये त्यात माणसं गेली, मग वाऱ्याच्या बोगद्यात तपासणी करून हे कारण निघालं. मॉडेलमध्ये पुढच्या पंखाची मागची कड आणि मागच्या पंखाची पुढची कड यांच्यात किमान एका पंखाच्या रुंदीएवढी जागा ठेवा आणि पुढचा पंख मागच्यापेक्षा २ अंश वर बसवा. त्याचा सीजी पुढच्या पंखाच्या मागच्या कडेपासून सुरू करून क्लेने थोडा-थोडा मागे न्या. फेकताना मॉडेल नाक खाली घालून सावरत नाही असं दिसलं की लगेच थांबा आणि आधी तो कोन तपासा.